झाडीत हरवणारं कापड

नोला ट्रेविनला कुणी म्हणालं, "बाई, तुझ्या हातात जादू आहे," तर ती म्हणायची, "जादू नाही, चाकू आहे. बोटं मागे घे." बिलबरीच्या कपड्यांच्या कारखान्यात ती कटाई करायची आणि मी पलीकडच्या खोलीत मशीनवर बसायचे. मी ग्लेनिस. माझं तोंड फटकळ आहे हे गावाला ठाऊक आहे. तेव्हा ही गोष्ट मी माझ्या पद्धतीनं सांगणार, आणि मध्येच कुणी "असं नव्हतं, तसं होतं" म्हणालं तर त्यानं उठून चहाचं बघावं.

आमचा कारखाना म्हणजे फौजेचे कपडे. बिलबरीत खाणी संपल्या, सोनं संपलं, आगगाडी आठवड्यातून दोनदा येऊ लागली, पण फौजेला विजारी लागतातच. मी लागले तेव्हा सगळं हिरवं होतं. साधं, एकरंगी हिरवं. दिवसभर तेच बघून संध्याकाळी घरी गेलं की पानात वाढलेले वाटाणे नकोसे व्हायचे. मग एके वर्षी नवीन कापडाचा पहिला तागा आला. लेस नावाच्या आमच्या फोरमननं तो टेबलावर उलगडला आणि आम्ही सगळ्या बायका बघतच राहिलो. वाळूसारखा फिका रंग, त्यावर गर्द हिरवे, पानासारखे हिरवे, तपकिरी आणि तांबूस ठिपके, एकमेकांत घुसलेले.

"अगंबाई, कुणाचं पोर ओकलं हे?" मी म्हटलं.

सगळ्या खिदळल्या. कुणाला त्या ठिपक्यांत सशाचे कान दिसले, कुणाला बदाम दिसले. एकीनं तर तिच्या सासूचं नाक शोधून काढलं. नोला मात्र हसली नाही. तिनं ताग्याचं टोक उचललं, खिडकीपाशी नेलं, बाहेरच्या झुडपासमोर धरलं आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ उभी राहिली. परत आली ती म्हणाली, "हे बापाच्या वेळी का नाही सुचलं कुणाला?"

तिचा बाप दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत लढलेला. बाप आणि बापाचा धाकटा भाऊ विल्फ, दोघं एकाच तुकडीत होते. त्यांना अंगावर दिलं होतं वाळवंटातलं पिवळट खाकी, आणि पाठवलं होतं कुठे, तर जिथे दुपारीसुद्धा हिरवा अंधार असतो अशा जंगलात. नोलाचा बाप म्हणायचा, "पालकाच्या वाफ्यात भोपळ्याची फुलं उमलावी तसे दिसत होतो आम्ही." नंतर छावणीतच मोठमोठ्या पिंपांत रंग कालवून सदरे हिरवे करून दिले. पण विल्फ तोवर गेलेला. तो रंगसुद्धा कसला! पावसात मानेवरून हिरवे ओघळ यायचे. लढाईनंतर कित्येक वर्षं तो सदरा घालून नोलाचा बाप गाईंच्या धारा काढायचा, आणि पावसाळी दिवशी दुधाच्या बादलीच्या काठाला हिरवे डाग पडायचे. नोला ते डाग घासत मोठी झाली. म्हणून तिला कपडा म्हणजे नुसता कपडा वाटायचा नाही. कपडा बरोबर असला तर माणूस घरी येतो, एवढं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

कटाईच्या टेबलावर तेव्हा पुरुषच असत. विजेचा उभा चाकू, त्याखाली कापडाचे थरावर थर, आणि चाकू जरा कलला की सगळे थर वाया. लेसचं म्हणणं होतं की बायकांच्या मनगटात तेवढा जोर नसतो. नोला म्हणाली, "लेस, तुझ्या बायकोनं तुला एवढी वर्षं सरळ चालवलंय, तिच्या मनगटाचं काय?" लेसची बायको माझ्याच शेजारच्या मशीनवर बसायची. ती टाळ्या पिटायला लागली. दुसऱ्या आठवड्यात नोलाच्या हातात चाकू आला.

मग आमचे हाल सुरू झाले. एकरंगी कापड कसंही कापा, कसंही जोडा. या ठिपक्यांचं तसं नव्हतं, निदान नोलाच्या लेखी नव्हतं. ती खडूची आखणी पुन्हा पुन्हा पुसायची. छातीवर दोन सारखे तपकिरी ठिपके समोरासमोर आले तर तिला खपायचं नाही. "ते डोळ्यांसारखे दिसतात," म्हणायची. "झाडीत दोन सारख्या गोष्टी शेजारी नसतात. दिसल्या की बघणारा थबकतो." खिशाच्या झाकणावरचा ठिपका खालच्या ठिपक्याशी फार जुळला तरी नको, अगदीच तुटला तरी नको. एकदा तिनं माझा अख्खा गठ्ठा परत पाठवला, तेव्हा मी तणतणत तिच्या टेबलाशी गेले.

"नोला, जंगलात शत्रू काय पट्टी घेऊन बसलाय का?"

"बसलाय," ती म्हणाली. "त्याला दुसरं काम काय आहे?"

गठ्ठा उसवला आणि पुन्हा शिवला. शिवताना तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता एक गोष्ट सांगते ती बाहेर बोलू नका. जे कापड छपाईत बिघडायचं, ज्या जॅकेटची बाही उलटी लागायची, ते सगळं फाडून जाळून टाकायचा नियम होता. पण चांगलं, दणकट, वाऱ्याला न जुमानणारं कापड कुणाच्या हातून जाळवेल? शुक्रवारी सुट्टी झाली की मागच्या दारापाशी ढीग असायचा आणि लेसला नेमकं तेव्हाच पुढच्या दाराशी काम निघायचं. असं करत करत सगळं बिलबरी ठिपक्यांचं झालं. पोरांची दप्तरं, कुत्र्यांचे थंडीतले अंगरखे, किटलीवर घालायच्या टोप्या, ट्रॅक्टरच्या बैठका. थंडीच्या दिवसांत फुटबॉलच्या मैदानावर आमचा गाव सामना बघायला उभा राहिला की बाहेरगावचे लोक विचारायचे, "तुमच्याकडे युद्ध चालू आहे का?"

नोलाचा नवरा आर्न. रेल्वेतून निवृत्त झालेला, लांब टांगांचा, मितभाषी माणूस. त्याला एकच नाद, सोन्याचा. धातू शोधायचं यंत्र खांद्याला अडकवून तो जुन्या खाणींच्या रानात फिरायचा आणि कधीमधी वाटाण्याएवढा खडा घेऊन यायचा. आमच्याकडे सोनं शोधणाऱ्यांचा एक रिवाज आहे. आपली जागा कुणाला सांगायची नाही. बायकोला नाही, पाद्र्याला नाही, डॉक्टरनं भूल देताना विचारलं तरी नाही. आर्न तर गाडी मुद्दाम भलतीकडे उभी करायचा, तिथून मैलोन्मैल चालत जायचा आणि झाडाच्या फांदीनं स्वतःच्या पावलांच्या खुणा पुसत जायचा. तरीसुद्धा कुणी तरी लांबून बघेल अशी त्याला धास्ती असायची.

म्हणून त्यानं नोलाला गळ घातली. "मला एक जॅकेट आणि विजार करून दे. पण गावातल्या बाकीच्यांसारखं कसंबसं शिवलेलं नको. नीट कर."

नोलानं नीट केलं. इतकं नीट तिनं फौजेसाठीसुद्धा केलं नसेल. आमच्या रानाची माती, आयर्नबार्कच्या झाडांची काळी खोडं, खाली पडलेला पाचोळा, हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून तिनं बिघडलेल्या ताग्यांतले तुकडे निवडले. आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं. बटणं झाकायला पट्टी, मनगटाला आवळपट्टी, प्रत्येक शिवण दुहेरी. झालं तेव्हा मला बोलावलं आणि परसातल्या झुडपांकडे बोट दाखवून म्हणाली, "सांग, आर्न कुठाय?"

मी बघितलं. पुन्हा बघितलं. "घरात असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात मला अगदी लागून असलेलं झुडूप माणसाच्या आवाजात म्हणालं, "ग्लेनिस, तू माझ्या पायावर उभी आहेस."

मी किंचाळले. नोला त्या दिवशी जेवढी हसली, तेवढी मी तिला तिच्या लेकीच्या लग्नातही हसताना बघितलं नव्हतं.

आखाती युद्ध संपलं त्या वर्षीचा जुलै, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा. कडाक्याची थंडी होती, सकाळी नळ उघडला तर आत बर्फ. शुक्रवारी आर्न रानात गेला आणि जेवणाच्या वेळेला परतला नाही. आर्न जेवणाला उशीर करणारा माणूस नाही. नोलाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज साधाच होता. "ग्लेनिस, मटण थंड झालं," एवढंच म्हणाली. पण मी चपला पण न बदलता धावत गेले.

क्लेम आमचा पोलीस सार्जंट. माझ्यापेक्षा लहान, शाळेत मी त्याचे कान पिळलेत, त्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही. त्यानं सकाळी आर्नची गाडी शोधून काढली, ओढ्याच्या पुलाशी. नोला म्हणाली, "म्हणजे तो ओढ्याच्या जवळपास नाही, हे नक्की." क्लेमनं टोपी काढून डोकं खाजवलं. पाऊलखुणा नव्हत्या. असणार कशा? त्यानं स्वतःच पुसल्या होत्या. आणि ते रान म्हणजे चाळणी आहे, पावलापावलाला जुन्या खाणींचे खड्डे आणि चर.

सगळं गाव धावून आलं. मला बिलबरीचं हेच आवडतं. एरवी एकमेकांच्या कुंपणावरून कोर्टात जातील, पण हाक आली की कुणी घरात बसत नाही. खाटीक दुकान बंद करून आला, फुटबॉलची टीम सराव सोडून आली, कारखान्यातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. थंडी होती, रानात काटे होते, म्हणून प्रत्येकानं आपलं सगळ्यात दणकट, सगळ्यात उबदार जॅकेट चढवलं. वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर येणार होतं. आम्ही हात लांब करून पुरेल एवढ्या अंतरावर ओळीनं उभे राहिलो आणि "आर्न! आर्न!" करत रानात शिरलो. नोला माझ्या डाव्या हाताला होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. हाका मारता मारता तिचा घसा बसला. डोक्यावरून हेलिकॉप्टर घरघरत जायचं, यायचं, त्या आवाजात आमची हाक आम्हालाच ऐकू येईना. दिवस कलेपर्यंत आम्ही तुडवलं, पण काही हाती लागलं नाही.

फुटबॉलच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. पायलट तरणा पोरगा, शहरातला. तो उतरला तोच रागानं लाल होऊन.

"सार्जंट, माणसं कुठे आहेत तुमची?"

"कुठे म्हणजे? रानात. सकाळपासून."

"सकाळपासून मी फेऱ्या मारतोय. एक माणूस दिसलेला नाही मला. एकसुद्धा! तुम्ही खरंच कुणाला पाठवलं होतं का?"

क्लेमनं मागे वळून आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. खाटकानं स्वतःच्या बाहीकडे बघितलं. सगळं गाव वाळूच्या रंगाचं, हिरव्या, तपकिरी, तांबूस ठिपक्यांचं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मला असं हसू फुटलं की आवरेना. चुकीच्या वेळी हसायची मला खोडच आहे, माझ्या आजोबांच्या दफनाच्या वेळी सुद्धा हसले होते. दोघीतिघी माझ्याबरोबर हसल्या. मग मी नोलाकडे बघितलं आणि माझं हसू घशातच राहिलं.

ती कागदासारखी पांढरी पडली होती.

"हा पायलट आर्नच्या डोक्यावरून गेला असेल," ती म्हणाली. "आपण शेजारून गेलो असू. तो समोर पडला असेल, ग्लेनिस, आणि मला दिसला नाही. मला! मीच त्याला जिवंत पुरून ठेवलंय."

"काहीतरी बोलू नकोस."

"मीच दिलं ना करून? इतकं नीट कशाला करायचं होतं मी?"

मी तिचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. क्लेम म्हणाला की अंधार पडला, आता उद्याच. रानात अजून एक रात्र, आणि तीही अशा थंडीत. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

नोला एकदम क्लेमच्या गाडीच्या पायरीवर चढली. आवाज तर बसलेलाच होता, त्या फाटक्या आवाजात ओरडली, "उद्या हे कापड घालून एकही माणूस आलेला मला चालणार नाही! घरात जे काही भडक असेल ते घाला. लाज वाटेल असं घाला!"

आणि गाव आलं. अहो, काय आलं म्हणून सांगू! रविवारची सकाळ, एरवी लोक चर्चच्या कपड्यांत असतात. खाटीक नाताळबाबाच्या लाल डगल्यात आला होता. फुटबॉलची टीम लालपिवळ्या पट्ट्यांच्या जर्सीत. लेस फोरमन बायकोच्या गुलाबी, फुलाफुलांच्या गाऊनमध्ये, आणि त्याला कुणी हसलं नाही. पाद्रीबुवा नारंगी टेबलक्लॉथ पांघरून आले आणि म्हणाले, "प्रार्थना चालता चालता करू." नोलाला मी माझा हळदीपिवळा घरात घालायचा गाऊन दिला, तो तिनं कोटावरून चढवला. पायलट पोरगा आमच्याकडे बघत राहिला. "आता दिसता," एवढंच म्हणाला आणि उडाला.

आम्ही पुन्हा त्याच रानात शिरलो, कारण क्लेमचं म्हणणं होतं की काल जिथे शोधलं ते शोधलं असं धरायचंच नाही. ऊन नुकतं पडलं होतं, पाचोळ्यावर दहिवर होतं. नोला हाक मारायची, मग थांबून ऐकायची, मग चालायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. मला खरं तर वाटत होतं की आता जे सापडेल ते आधी माझ्या नजरेला पडावं, तिच्या नको.

क्लेमच्या हातातल्या वायरलेसवर पायलटचा आवाज आला. खरखर होती, पण शब्द सगळे कळले.

"सार्जंट, तुमच्यापासून उजवीकडे, जुन्या पाण्याच्या चराशी. मला पाय दिसताहेत. दोन पांढरे पाय. नुसतेच पाय, बाकी माणूस नाही." मग जरा थांबून, "हलताहेत."

हलताहेत! त्या एका शब्दानं सगळ्यांच्या जिवात जीव आला. नोला धावली. त्या गाऊनचा घोळ दोन्ही हातांत धरून, खड्डे चुकवत, ओंडक्यांवरून उड्या मारत, साठीला आलेली बाई अशी धावली की फुटबॉलची पोरं मागे पडली. मी दम लागून मागून पोचले तेव्हा ती चराच्या काठावर गुडघ्यांवर बसली होती.

खरंच, आधी पायच दिसले. लोकरीची लांब पांढरी आतली चड्डी घातलेले, हवेत उभे धरलेले पाय. मग पाचोळ्यातून हळूहळू बाकीचा आर्न वेगळा झाला. चराच्या कडेवरून घसरला होता. एक पाय घोट्यात मोडलेला, उजवा खांदा निखळलेला. ओठ निळे, दाढीवर दहिवर. पण डोळे उघडे आणि नोलाकडे लागलेले.

"काल तू इथूनच गेलीस," तो म्हणाला. घसा पार गेला होता, कुजबूजच होती ती. "त्या झाडापाशी. रडत होतीस."

"मग हाक का नाही मारलीस, मेल्या?"

"मारली. आवाजच फुटेना. आणि वरून हे हेलिकॉप्टर..." त्यानं धाप टाकली. "मी हात हलवत होतो, मला वाटलं बघताहेत. ते वळून निघून गेले, तेव्हा लक्षात आलं की मी कुणालाच दिसत नाहीये. जॅकेट काढायला गेलो, हाताला जमेना. तुझी बटणं, नोला... माणसाला एका हातानं सुटत नाहीत. म्हणून पहाटे विजारीला लागलो. सूर्य वर येईपर्यंत चाललं."

आजूबाजूला सगळं गाव जमलं होतं. नाताळबाबा नाक पुसत होता. कुणी तरी थर्मासमधला चहा पुढे केला, आमच्या ओळीबरोबर आलेल्या अँब्युलन्सवाल्या मुलीनं घोटभरच द्यायला सांगितलं. तिनं आर्नची नाडी बघितली, बोटं दाबून बघितली, आणि अस्तराला हात लावून म्हणाली, "ही घोंगडी नसती तर आज आपण वेगळंच काही उचललं असतं." मग तिनं पिशवीतून कात्री काढली. खांदा मोकळा करायचा तर जॅकेट कापायलाच हवं होतं. तिनं कॉलरपाशी कात्री लावली, दाबली, पण नोलाच्या दुहेरी शिवणीवर कात्री अडली.

"थांब," नोला म्हणाली.

मुलगी थांबली. म्हणाली, "काकू, जॅकेट वाचणार नाही. मला कापावंच लागेल."

मला वाटलं, बोंबला, आता ही इथे शिवण उसवत बसणार. नोलानं आयुष्यात बोटभर कापड वाया घालवलेलं नाही, चिंध्यांच्यासुद्धा उशा भरते. पण तिनं मुलीच्या हातातून कात्री घेतली आणि स्वतः लावली. कॉलर, मग खांदा, मग बाही, सगळं तिनं उभं चिरत नेलं. घोंगडीचं अस्तर चिरलं. इतक्या मन लावून निवडलेले ते हिरवे, तपकिरी ठिपके मधोमध फाडत गेली. कात्री वेडीवाकडी चालली होती, करकर आवाज करत होती. विजेचा चाकू केसभरही न ढळू देणाऱ्या बाईचा हात लटलट कापत होता, आणि ती तो सावरायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हती.

जॅकेट दोन्ही बाजूंना पडलं. आत आर्नचा सुजलेला खांदा, पांढरा गंजिफ्रॉक आणि धडधडणारी छाती. थंड वारा लागला तसा तो शहारला. नोलानं अंगावरचा पिवळा गाऊन ओरबाडून काढला आणि त्याच्यावर घातला, गळ्यापर्यंत खोचला.

"चांगलं होतं गं जॅकेट," आर्न पुटपुटला.

"चुलीत गेलं जॅकेट," नोला म्हणाली. "तू मला दिसतोयस."

आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर कपाळ टेकून, सगळ्या गावाच्या समोर, ती मोठमोठ्यानं हसायला आणि रडायला लागली.